चिंधी येल

सकाळी साडेआठला उज्वला ठकूबाईंच्या घरी पोचायची. भिसेगावातून निघायचं, कर्जतच्या स्टँडवर एसटी धरायची, खालापूरच्या अलीकडे उतरायचं आणि शेताच्या कडेने दहा मिनिटं चालायचं. घरोघरी माणसं पाठवणाऱ्या एका संस्थेने तिला हे काम दिलं होतं. ठकूबाई बाहत्तर वर्षांच्या. हातपाय धड होते, पण आठवणी एकेक करून निघून चालल्या होत्या. जेवलो की नाही हे आठवायचं नाही. एकदा सुनेलाच त्यांनी विचारलं, "तू कुनाची गं बाय?" नम्रता बिचारी मोरीत जाऊन रडली होती.

त्या दिवशी आंघोळ झाल्यावर उज्वला त्यांना ओसरीवर बसवून केस विंचरत होती. तेवढ्यात त्यांचा मुलगा, नवीन, हातात मोबाईल धरून समोर आला. नवीन रसायनीला कारखान्यात कामाला होता, आणि फावल्या वेळात मोबाईलवर तालुक्याच्या बातम्यांचं पान चालवायचा. खड्डे, पाणी, टोलनाक्याची रांग. बघणारे थोडेच. आता गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती.

"आये, या खेपेला निवडून कोन येल गं?"

ठकूबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. "चिंधी येल," त्या म्हणाल्या. "शाला सुटली का येल."

नवीन खो खो हसला. उज्वलाही हसली.

संध्याकाळपर्यंत तालुकाभर तो व्हिडिओ फिरला. एका पॅनेलवाल्यांनी दुसऱ्याच्या फोटोवर लिहिलं, 'यांची चिंधी येल!' दुसऱ्यांनी उलट तेच लिहिलं. मग नवीन रोजच आईला प्रश्न विचारू लागला. नळाला पाणी कधी येल, रस्त्यावर डांबर कधी पडेल. उत्तर ठरलेलं. व्हिडिओत मागे कधी कधी उज्वलाही दिसायची. एकदा कोणीतरी खाली लिहिलं, 'सेवेलापन कोट्यातलीच भेटली का?' नवीनने ते तिला हसत वाचून दाखवलं. "लोक पन ना, उज्वलाताई!" तिच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून तिला अक्षर गिरवायला शिकवलं होतं. 'कोट्यातली' हा शब्द तिच्या काळजात रुतला. तरी ती ओठांनी हसली. हातातलं काम जायला नको होतं.

चिंधी कोण, हे तिला एका दुपारी कळलं. अधूनमधून ठकूबाईंना लख्ख आठवायचं. "पयली दोन पोरां नाय वाचली," त्या म्हणाल्या. "म्हनून तिचं नाव चिंधी ठेवलं. चिंधीला कोन उचलतोय? सात वर्सांची झाली. शालंत ताप भरला. मी भाताच्या लावनीला गेलेली. मास्तरानी सांगावा धाडला, मी म्हनलं, येवढी एक ओळ लावते नी जाते." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "मी गेली तवा शाला सुटलेली."

त्यानंतर उज्वलाच्या ध्यानात आलं. नवीनने प्रश्न विचारला, रस्त्यावरून कोणी ओरडलं, "आजी, चिंधी येल का?" की ठकूबाईंचा चेहरा उजळायचा. त्या अर्ध्या उठायच्या, पदर सारखा करायच्या. "आली?" आणि रस्ता रिकामा दिसला की मुकाट खाली बसायच्या. लोकांना गंमत वाटायची, आणि ठकूबाई दिवसातून दहा वेळा लेकीची वाट बघायच्या.

तिने नवीनला सांगितलं. "दादा, ती तुमची बहीण होती. नका असं करू."

"म्हाईत हाय वो. माझ्या जल्माच्या आधीची गोष्ट. नि आयेला कुठं काय कळतंय? हसन्यावारी न्या."

"त्यांना कळत नाही, लोकांना तर कळतं ना?"

नवीनचा चेहरा बदलला. "ताई, तुमी आयेचं बघा. बाकीचं आमी बघतो."

ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी परत आली, केस विंचरले, औषध दिलं.

मतदानाच्या दिवशी सगळे घरीच राहणार म्हणून नम्रताने तिला सुट्टी दिली होती. दुपारी भिसेगावात जेवून ती जरा आडवी झाली. मोबाईलवर नवीनच्या पानावरून नवा व्हिडिओ आला. खालापूरच्या नाक्यावर ठकूबाई उभ्या. डोक्यावर पदर नाही, वर एप्रिलचं ऊन.

"कुठं चालल्या आजी?"

"चिंधीला आनाया."

चारपाच जण खिदळले. एकाने हात लांब करून दाखवलं, "तिकडं गेली बघा, त्या रस्त्यानं!" ठकूबाईंनी त्याला हात जोडले आणि अनवाणी चालू लागल्या.

वर नवीनने हसरे चेहरे टाकले होते. कोणीतरी पाठवलेला तो व्हिडिओ जुनाच असेल, असं त्याला वाटलं होतं.

उज्वला उठून बसली. ठकूबाईंच्या उजव्या पायाला पांढरी पट्टी होती. ठेच लागली म्हणून कालच संध्याकाळी तिने स्वतः बांधलेली.

तिने नवीनला फोन लावला. तो मतदान केंद्रावर होता, उचलला नाही. नम्रताने उचलला. "मी मत द्यायला आले हो, पुढच्या दाराला कडी लावून..." ती बोलता बोलता थांबली. मागचं दार उघडंच राहिलं होतं.

उज्वला मिळेल त्या रिक्षेने निघाली. नवीन, नम्रता, गावातले दहाबारा जण शोधत फिरले. ज्याला विचारावं तो म्हणे, "हो, दिसल्या ना! आमाला वाटलं व्हिडिओ चाललाय." नाक्यावरचा पानवाला म्हणाला, रसवंतीवाला म्हणाला. दोन तास त्या भर रस्त्याने चालत होत्या. शेदीडशे लोकांनी पाहिलं, ओळखलं, हसले. पाणी कोणी दिलं नाही.

साडेचारला पलीकडच्या गावात सापडल्या. सुट्टी लागलेल्या शाळेच्या बंद फाटकाला पाठ टेकून बसल्या होत्या, जणू घंटा व्हायची वाट बघत. उज्वलाने गालाला हात लावला. अंग तापलं होतं, पण श्वास नव्हता. पायाची पट्टी सुटून मागे कुठे तरी पडली होती, तळवे भाजले होते. तिने आपली ओढणी ओली करून ते तळवे पुसले. आता त्याचा काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही पुसले. नवीन फाटकाचे गज धरून लहान पोरासारखा रडत होता, "आये, मीच टाकला गं, मीच..."

दहाव्याला ओसरीवर माणसं बसली होती. निवडून आलेला सरपंच साईनाथही आला. समजूत घालायची म्हणून तो म्हणाला, "नवीन, तुझ्या आयेनं सगळ्या तालुक्याला हसवलं रं. तिचा एक चांगला व्हिडिओ करून टाक, आठवन म्हनून." दोघातिघांनी माना हलवल्या.

डोकं भादरलेला नवीन जमिनीकडे बघत होता. कोपऱ्यात उभी असलेली उज्वला पुढे आली. इतक्या पुरुषमाणसांपुढे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"आजींनी कुणाला हसवलं नाही. त्या लेकीला शोधत होत्या," ती म्हणाली. "सात वर्षांची होती. तापाने गेली. चिंधी म्हणजे ती." आणि त्या दुपारी ऐकलेलं सगळं तिने सांगितलं, भाताच्या ओळीसकट. साईनाथने मान खाली घातली.

मग नवीनने वर पाहिलं. डोळे सुजलेले. "ताई, तुमी मला बजावून का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं, दादा. पण एकदाच सांगितलं." ती म्हणाली. "तुम्ही रागावलात नि मी गप्प बसले. पहिल्या दिवशी तर मीही हसले होते."

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. पुढच्या सोमवारपासून संस्थेने तिला कर्जतमध्येच एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाठवलं. पहिल्याच सकाळी ती त्यांना भरवत असताना त्यांचा मुलगा फोन घेऊन आला. "बाबा, बोला बघू, आपले आमदार कोण?" म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती.

उज्वलाने वाटी खाली ठेवली आणि फोनवर तळहात धरला.

"अहो, गंमत करतोय नुसती," मुलगा म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या, संस्थेला कळवीन म्हणाला.

"कळवा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा व्हिडिओ काढलात, तर उद्याही हेच सांगेन."