तहानेचा मणी

बोराएवढा लाल काचेचा मणी आहे मी, मित्रांनो. पोट मात्र पांढरे. शंभरावर वर्षांपूर्वी व्हेनिसच्या एका कारागिराने वितळलेली काच सळईवर गुंडाळून मला घडवले. जहाजातून मुंबई, तिथून इंदापूरचा बाजार. एका मेंढपाळाने मला बायकोसाठी घेतले. मग सासूकडून सुनेकडे जात मी पळसदेवच्या तानूबाईच्या गळ्यात आलो.

मेंढरांमागे चालताना पाणी दिसेना झाले, की तानूबाई मला तोंडात धरायची. गार काचेने तोंड ओले राही, पुढचा पाणवठा गाठता येई. तिच्या जिभेने माझी एक बाजू गुळगुळीत झाली. कौतुक म्हणाल तर एवढेच. पण ते चाळीस वर्षे पुरले.

आता मेंढरे गेली, दारात नळ आला, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. तरी दुपारी ओट्यावर बसली की मी तोंडात.

तिची सून स्वप्नाली दागिने ओवून मोबाइलवर विकते. बाई वाईट नाही. चहाचा पहिला कप सासूलाच देते. पण जुन्या परदेशी मण्यांना मागणी आहे हे तिला नुकतेच कळले होते, आणि सासूला दिसत नाही हे आधीपासून ठाऊक होते. थोडी थांबली असती तर मी रीतसर तिचाच झालो असतो. तिने सासू झोपल्यावर तिच्या गळ्यातला दोरा सोडला आणि माझ्या जागी प्लास्टिकचा मणी ओवला.

"स्वप्नाले, ह्यो गार का लागत न्हाय गं?"

"ऊन किती हाय, आत्याबाई! माणूस तापतंय, मणी तापणार न्हाय व्हय?"

मी सुनेच्या दागिन्यांच्या डबीतून ऐकत होतो. ओरडणार कशाने?

मला चांदीच्या हारात बसवले. बारामतीच्या एका बाईंनी तो घेतलाही. पार्सल जाण्याआधी पुढच्या जाहिरातीला एक फोटो हवा होता. सुरकुतल्या गळ्यावर माल अधिक जुना दिसेल, असा विचार करून शहाण्या सुनेने हार सासूच्याच गळ्यात घातला.

"हलू नगा हं."

पण हात सवयीने वर आलाच. मी तोंडात गेलो. तानूबाईची जीभ माझ्या गुळगुळीत बाजूवर थांबली.

"आत्याबाई, ओला करू नगा! गिऱ्हाइकाचा हाय त्यो!"

तानूबाईने मला बाहेर काढले, पदराला पुसले.

"गिऱ्हाइकाला तहान लागती का गं?"

स्वप्नालीचा मोबाइल खाली आला. दारात कुरियरवाला उभा होता. "दुसरा आणते, ह्याच्याहून भारी," ती पुटपुटली. हार काढायला सोपे जावे म्हणून तानूबाईने मान वाकवली.

मित्रांनो, आता मी कापसात आहे, वरून चिकटपट्टी. कुणाच्या गळ्यातले काही काढण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आणि पळसदेवला गेलात, तर ओट्यावरच्या तानूबाईला तांब्याभर गार पाणी तेवढे द्या.