तपासणीस क्रमांक सतरा

“आजी, इथं सही करा,” असे म्हणत काउंटरवरच्या मुलीने कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला. ‘ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे स्क्रीनचे नुकसान’ असे त्यावर छापलेले होते. खाली माझे नाव, सत्यभामा सर्जेराव, अगदी शुद्ध.

“ही हाताळणी कुणी बघितली?” मी विचारले.

मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर विशाखा असे नाव होते. “बघायचं नसतं आजी. सिस्टीममध्ये दोनच कारणं येतात. पडला, नायतर चुकीचा दाबला.”

“करून टाक ना सही,” राजेंद्र शेजारून पुटपुटला. “निम्म्या खर्चात स्क्रीन बदलून देतात. नाही केली तर फोन असाच घरी न्यावा लागंल.”

राजेंद्र माझा धाकटा. माझ्या पंचाहत्तरीला त्याने हा घडीचा फोन मोठ्या हौसेने दिला होता. सात महिन्यांत घडीवर काळी चीर उमटली आणि खालचा अर्धा पडदा विझला. आईचा हात जड, असे घरात सर्वांनी मनोमन ठरवून टाकले. माझ्या तोंडावर बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती, पण नजरा मला वाचता येतात.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे कपाटांच्या बिजागऱ्या तपासल्या. बिजागरी उघडायची, मिटायची, कानाशी धरायची. पास झालेल्या नगावर माझा सतरा क्रमांकाचा शिक्का, नापासावर लाल रंगाचा ठिपका. एकदा साहेबांनी न तपासलेला लॉट पास करायला सांगितला. मी नकार दिला आणि अकरा महिने कमी पगारावर पॅकिंगला बसले. त्या दिवाळीत राजेंद्रला नवे कपडे मिळाले नाहीत. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि ते तो विसरलेला नाही.

“पोरी, तुझ्यामागच्या ट्रेमधी काय हाय?” मी विशाखाला विचारले.

“दुरुस्तीला आलेले फोन.”

“असलेच, घडीचे?”

“हो. पण दाखवता येत नाय आजी.”

“हात लावत नाय मी. नुसती बघते.”

एवढे बोलून मी तिथेच उभी राहिले. माझ्यामागे रांग वाढू लागली. विशाखाने एकदा आतल्या केबिनकडे पाहिले आणि ट्रे पुढे आणला. पाच फोन होते. पाचही फोनांवर चीर होती, आणि ती उजव्या कडेपासून दोन बोटांवर सुरू झाली होती. मी माझा फोन त्यांच्या शेजारी ठेवला. दोन बोटे.

“पोरी, माणसाची चूक अशी रांगंत उभी राहत नाय. एकाच्या हातून कोपरा फुटंल, दुसऱ्याच्या हातून मधोमध. सहाच्या सहा एकाच जागी फुटले तर खोट घडवणाऱ्याची. वापरणाऱ्याची नव्हं.”

“आई, कंपनीनं दोन लाख वेळा उघडझाप करून बघितलेला असतो,” राजेंद्र म्हणाला. “आता तर तीन घड्यांचे फोन यायलेत.”

“मशीननं केली असंल, बंद खोलीत. जालना रोडची धूळ होती का तिथं?”

विशाखा हसली. मग हळू आवाजात म्हणाली, “पटतंय आजी. पण हे लिहायला सिस्टीममध्ये जागाच नाय.”

“कागदावर हाय.”

तिच्या हातातले पेन घेऊन मी छापील ओळीवर काट मारली आणि समासात लिहिले: ‘सहा नग पाहिले. दोष सहाही नगांत एकाच जागी. तपासणीस क्र. १७.’ हे मी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून त्याखाली सही केली. विशाखाने त्या कागदाची झेरॉक्स काढून मला दिली आणि फोन तसाच परत केला.

मुकुंदवाडीच्या सिग्नलला गाडी थांबवून राजेंद्र म्हणाला,

“त्या दिवाळीला पण तू असंच केलं होतंस.”

“व्हय. असंच.”

मी तेव्हा माफी मागितली नव्हती, आजही मागणार नव्हते. सिग्नल सुटला. पस्तीस वर्षांत प्रथमच त्याने विचारले, “त्या लॉटचं पुढं काय झालं गं?”

“दुसऱ्याकडून शिक्का मारून घेतला. गेला माल.”

“मग तुझा उपयोग काय झाला?”

“त्यावर सतरा नव्हता.”

घरी आल्यावर मी सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून घेतले आणि फोनच्या पाठीवर एक ठिपका दिला. तो वाळेपर्यंत राजेंद्र दारात उभा होता. नवा फोन आणू का, असे त्याने विचारले नाही.

आमच्या कारखान्याच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. माझ्या लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या मात्र तिथल्याच, माझ्या शिक्क्याच्या. फोन आत ठेवून मी दार लोटले. ते आवाज न करता मिटले.