दोनशे सातची नळी

भाऊसोनं माझ्या मालकांच्या तिरडीला खांदा दिला, पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. सख्खा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा एका हातानं चड्डी सावरत फिरायचा. त्याचं नाक मी पुसलंय. आणि हा माणूस तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झाल्या झाल्या पायात चपला घालून मुरगूडला निघून गेला. चहाचा कप भरलेला तसाच. बाराव्याला आला तो मांडवाच्या कडेनं उभा राहून गेला. वर्षश्राद्धाला तर बायकोलाच पाठवलं. कळंब्यातल्या बाया विचारायच्या, "बायडाबाई, दीर दिसंना कुठं?" मी म्हणायची, "त्याला ड्युटी हाय." आपल्या माणसाचं उघडं पडलेलं झाकायला मला जमतं. मनात मात्र म्हणायची, थोरल्या भावावर आळ आला म्हणून ह्याला आमची लाज वाटायला लागली.

आळ बंदुकीचा होता.

दोघं भाऊ पलटणीतून सुटून आले आणि दोघंही गार्ड झाले. मालक कोल्हापुरात एका बँकेच्या दारात, भाऊसो मुरगूडला पतसंस्थेच्या दारात. दोघांकडं पंपवाली बारा बोअर, एकाच कारखान्याची. मालकांनी आधी घेतली, त्यानं वर्षभरानं. पुढची लाकडी मूठ मागं-पुढं ओढली की काडतूस चढतं, म्हणून पंपवाली. आणि टोकाची टोपी पिळून काढली की अख्खी नळी सुटून हातात येते.

लायसन्स नव्यानं करायची वेळ आली की मालक बंदूक घेऊन जायचे, साहेब बॉडीवरचा नंबर पुस्तकाशी ताडून बघायचा आणि शिक्का मारायचा. अडीच वर्षांमागं साहेब नवा होता. त्यानं मूठ मागं ओढून नळीच्या बुडाशी बघितलं. बॉडीच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे तिथंही मारलेले असतात. बॉडीवर सहाशे चौदा. नळीवर दोनशे सात.

"नळी कुठनं आणली?" साहेबानं विचारलं.

मालकांनी नुसतं लायसन्सचं पुस्तक पुढं केलं. बंदूक जमा झाली, लायसन्स थांबलं, चौकशी लागली. बँकेनं दुसऱ्या दिवशी वर्दी मागून घेतली. बावीस वर्षं ज्या दारात उभे राहिले, तिथल्या शिपायानं त्यांना आत बसू दिलं नाही. गल्लीत कोण म्हणालं चोरीची नळी, कोण म्हणालं आणखी काय. मी प्रत्येकाच्या दारात जाऊन भांडले. मालक मात्र गप. सकाळी उठून बुटाला पॉलिश करायचे, बूट कोनाड्यात ठेवायचे आणि अनवाणी ओट्यावर बसायचे.

एकदा मी भाकरी थापत होते. मागनं म्हणाले, "बायडा, बंदूक जमा व्हायच्या आधीच्या खंडेनवमीला नळ्या कुणी बसवल्या गं?"

"कोण बसवणार? मीच की! तुम्ही दोघं भाऊ गप्पा हाणत बसलावता," मी तोऱ्यात सांगितलं.

ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मला वाटलं, चला, माणूस मार्गी लागला. पुन्हा त्यांनी बंदुकीचा विषय काढला नाही. पुढच्या श्रावणात छातीत कळ आली आणि गेले.

माणूस मेल्यावर चौकशी पण मेली. बंदूक सुटली, पण घरात लायसन्स कुणाच्या नावावर नाही, म्हणून ती शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात विकायला ठेवायची होती. गेल्या आठवड्यात अंगठा न उठवता सही करायला मी स्वतः गेले. दुसरीपर्यंत शिकलेय. अक्षरं अडखळतात, आकडे नाही.

दुकानात उदयसिंह म्हणून मिस्त्री आहे. पलटणीत हत्यारं दुरुस्त करायचा. मी त्याला म्हटलं, "हीच ती चोरीची नळी. बघून घ्या, नंतर माझ्या नावानं बोंब नको."

त्यानं टोपी काढली, नळी उजेडात धरली, डोळ्याला भिंग लावलं.

"मावशी, चोरीची कुणी सांगितली?"

"सरकारनं."

"सरकारनं आकडा बघितला, छाप बघितला न्हाय. या, हिकडं बघा." त्यानं नळी माझ्याकडं फिरवली. "ह्या कारखान्याची पहिल्या वर्षाची नळी असली की नुसता तारा मारलेला असतो. दुसऱ्या वर्षापासनं ताऱ्याखाली दोन टिंबं. तुमची बॉडी पहिल्या वर्षाची. नळी दुसऱ्या. आणि बुड बघा, कुठं घासलेलं न्हाय, कापलेलं न्हाय. चोर नळी बदलंल तर आधी आकडा खरवडंल. ही नुसती उतरवून बसवलीया. अशीच दुसरी बंदूक शेजारी असताना."

"म्हंजे?"

"म्हंजे हिची जोडीदारीण कुठंतरी हाय. तिच्या बॉडीवर दोनशे सात, नळीवर तुमचं सहाशे चौदा."

मी स्टुलावर बसले. त्यानं पाणी दिलं. मी त्याला म्हटलं, "उनाचं आले न्हवं, म्हणून." ऊन नव्हतं.

आमच्या घरची रीत अशी, की खंडेनवमीला दोन्ही बंदुका थोरल्या घरी यायच्या. कोयते, विळे, खुरपी, सगळं मांडायचं आणि मधे त्या दोन बंदुका. भाऊ टोप्या काढून द्यायचे. नळ्या पुसायचं काम माझं. कुणाला हात लावू देत नव्हते मी. पोत्यावर नळ्या उन्हाला ठेवायची, तेलाचा हात फिरवायची, आणि पुन्हा बसवायची ती पण मीच. "फौजेत न जाता फौजी झाली माझी बायको," मालक चारचौघांत सांगायचे, आणि मी हळदकुंकू लावता लावता फुगायची. त्या वर्षी पोत्यावरच्या दोन नळ्या मी उचलल्या, ह्याची त्याला, त्याची ह्याला. झेंडूच्या माळा घातल्या, आरती केली.

मालकांनी विचारलं, मी तोऱ्यात सांगितलं, आणि ते हसले. त्यांना आधीच अंदाज होता. माझ्या बोटांनी केलंय ह्याची माझ्याच तोंडून खात्री झाल्यावर ते हसले आणि तोंड मिटून मेले.

काल खंडेनवमी. सकाळच्या एसटीनं मुरगूडला गेले. जाऊबाई यल्लव्वा निपाणीकडची, मला बघून तिच्या हातातला पेला पडला. "आक्का, अशा एकदम?" म्हणाली. भाऊसो पाटाशी बसला होता. समोर कोयता, खुरपं आणि बंदूक, माळ घातलेली.

मी बसले, माळ काढली, टोपी पिळली, नळी ओढून घेतली. बुडाशी तारा. खाली टिंबं नाहीत. सहाशे चौदा. त्या आकड्यावरनं मी अंगठा फिरवला. मालकांचाही अंगठा तिथनं फिरला असणार, किती वर्षं.

"कवापासनं ठावं हाय?" मी विचारलं.

भाऊसोनं खुरपं उचलून पुन्हा सरळ करून ठेवलं. यल्लव्वाच म्हणाली, "सांगा की हो. किती दिवस पोटात ठेवणार?"

"दादाची बंदूक जमा झाली त्याच दिवशी," तो म्हणाला. "घरी येऊन माझी बघितली."

"आणि?"

"मी गेलतो दादाकडं. तुम्ही दळणाला गेलावता. दोन्ही बंदुका ठाण्यात ठेवू, सांगू, असं म्हणायला गेलतो वयनी, आईशप्पथ. पण तोंडातनं निघालं, दादा, माझी पण नोकरी जाईल."

"मग?"

"दादा म्हणाला, तुझी पोरं शिकायचीत, तू गप बस. आणि म्हणाला, बायडाला कळता कामा नये. तिच्या हातनं झालंय, ती जन्मभर जळंल."

यल्लव्वा पदर तोंडाला लावून आत गेली. चुलीवर काहीतरी करपत होतं, कुणी उतरवलं नाही.

"दादानंच सांगितलं, वयनी," तो पुन्हा म्हणाला. "मी त्याचा शब्द पाळला. आता तर तो गेला. आता काय उपेग? पुढच्या साली माझं लायसन्स नव्यानं करायचं हाय. तवर नळ्या गुपचूप बदलून घेऊ. दुकानातल्या मिस्त्रीला सांगू, कुणाला कळणार न्हाय."

मी नळी पुन्हा बसवली. ह्या खेपेला आकडा बघून, चुकीचाच आकडा, जसा होता तसा. टोपी आवळली, माळ घातली, कुंकू लावलं.  मग उठले. दारात तीन-चार शेजारी जमले होते, मी त्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"ऐक भाऊसो. नळ्या मी बदलल्या. उद्याचा दसरा होऊ दे, परवा मी ठाण्यात जाऊन पहिलं माझं नाव सांगणार, मग तुझं. तू आलास तरी जाणार, न्हाय आलास तरी जाणार. दादानं गप बस म्हटलं, ते तुझी भाकरी वाचावी म्हणून. त्याला ओट्यावर अनवाणी बसलेला बघून तू एकदा तरी म्हणायचं होतंस, दादा, ऊठ, जाऊया. ते तू दीड वर्षात म्हणाला न्हाईस. तो माझ्यासाठी गप ऱ्हायला, तू तुझ्यासाठी. दोन्ही गप सारखं न्हवं. खांदा दिलास ना त्याला? ते वझं अजून तुझ्या खांद्यावरच हाय. मी उतरवून घेणार न्हाय."