टाकीमागचा कोपरा

शाळेचं मैदान झाडणाऱ्या मावशींना पाण्याच्या टाकीमागे नेहमी शर्टाची बटणं सापडायची. पंधरा दिवसांत अकरा जमली, तेव्हा त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलापाशी गेल्या आणि त्यांनी मूठ उघडली.

"मुलं आहेत मावशी, धडपडतात," बाई म्हणाल्या.

"धडपडल्यावर गुडघे फुटतात, बाई. बटणं तुटतात ती कुणी गचांडी धरली की."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "कोण करतंय?"

"सातवीतले तिघं. लहान पोरांचे डबे हिसकावतात. मधल्या सुट्टीत सर मंडळी व्हरांड्यात चहा पितात, तिथून टाकीमागचं काही दिसत नाही. आणि मी ओरडले तर म्हणतात, तू कोण सांगणारी?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाईंनी सगळ्या शाळेसमोर मावशींना शेजारी उभं केलं. "मैदानावर मावशींनी सांगितलं म्हणजे मी सांगितलं. आणि कुणाला त्रास होताना दिसला, तर ओरडून सांगायचं. ती चहाडी नाही." मावशींना लाजून कुठे बघावं कळेना. सरांच्या खुर्च्या टाकीमागे गेल्या. खेळाचे सर जरा कुरकुरले, पण गेले.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी त्या तिघांनी चौथीतल्या, जाड चष्म्याच्या ढापण्याला सायकलींच्या शेडमागे ओढलं. पण त्याच्या वर्गातल्या एका मुलीनं ते पाहिलं. तिच्या आवाजामुळे सगळे तिला भोंगा म्हणत.

"मावशीऽऽ! सायकलींकडे या!"

खो-खो जागच्या जागी थांबला. मावशी धावल्या, भोंगा धावली आणि तिच्यामागे अख्खी चौथी. तिघांभोवती कडं पडलं. कुणी हात उगारला नाही, कुणी हललंही नाही. ढापण्या हात पुढे करून म्हणाला, "माझा डबा दे."

म्होरक्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि डबा पुढे केला.

आईवडिलांना बोलावणं गेलं. महिनाभर तिघांची मधली सुट्टी मावशींच्या नजरेखाली, मैदानावर खेळाच्या रेघा आखण्यात गेली. म्होरक्या पहिले आठ दिवस तोंड फुगवून होता. नवव्या दिवशी चौथीतल्या एका पोरीनं "दादा, ही रेघ वाकडी आहे" म्हटल्यावर त्यानं मुकाट्यानं ती पुसून सरळ काढली.

त्याच रेघांवर शनिवारी चौथी आणि पाचवीचा खो-खोचा सामना झाला. ढापण्यानं चौघांना बाद केलं. शेवटच्या गड्याला त्यानं झेप घेऊन गाठलं, तेव्हा मावशींनी झाडू फेकून दिला आणि दोन्ही हात वर करून, पोरांपेक्षा मोठ्यानं, आरोळी ठोकली.