पुसलेल्या टोमण्यांची उत्तरं

मी करावे गावचा फेसबुकवरचा ग्रुप बोलतोय. नाक दाबूनच बोलतोय, कारण दहा वर्षं तुम्ही माझ्या पोटात काय काय ओतलंत ते मलाच ठाऊक.

खाडीत मासे-शिंपल्या धरणाऱ्यांनी एकमेकांना विचारावं, सांगावं म्हणून गावातल्या निकेशने मला सुरू केलं. चार दिवस सगळे शहाण्यासारखे वागले. मग गुलाबाची फुलं, सुविचार, आणि जरा वाद झाला की एकमेकांची आई-बहीण. शी!

त्या उकिरड्यात कामाचं बोलायची ती एकटी पुतळाबाई. जन्मभर ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचलेली. ती सांगायची आणि नात मनस्वी टाइप करायची. एकदा तिने लिहवलं, "तिवरांच्या झाडांच्या पल्याड पाय टाकू नका. वरून सुकं दिसतं, पन खाली मानूस गिळंल असा चिखल हाय. जुन्या खुंटाच्या डाव्या अंगानं जा."

निकेशने खाली लिहिलं, "म्हातारे, तू अजून जगतेस कशाला?" त्यावर पन्नासेक हसरे चेहरे.

तिने त्याच्या टोमण्याखाली नाही, वेगळी कमेंट टाकून उत्तर दिलं, "जगते म्हनून सांगते. हसा, पन तिकडं जाव नका."

पुतळाबाई गेली. यंदा निकेश मच्छीमारांच्या मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला, आणि त्याला अचानक माझी घाण वाटू लागली. "जुना कचरा हाय सगळा. डिलीट मारू, नवीन ग्रुप काढू."

पुतळाबाईची सून भावना उसळली. "सासूबायच्या वाटा यातच हायत, निकेश. मी त्या वाचून चिखलात उतरते. त्या गेल्या तर कुनाला विचारू?"

निकेश वरमला. त्याने मला ठेवलं, फक्त स्वतःचे टोमणे एकेक करून पुसले. लोकांनी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं! माझ्यात पुतळाबाईची नुसती उत्तरं उरली.

परवा एका नव्या सभासदाने त्या 'जगते म्हनून सांगते'च्या खाली विचारलं, "ही म्हातारी एकटीच कोणाशी भांडतेय?" त्यावर पहिला हसरा चेहरा निकेशचा होता.

मला किळस आली. तुमची, आणि तुम्हाला पोटात सांभाळणाऱ्या माझीही. तरी मला मिटवू नका. ठेवायचं तर घाणीसकट ठेवा, कोण काय बोललं तेही राहू द्या. भावनाला सासू माहीत होती. पण तिच्या मागून येणाऱ्या पोरी मला वाचतील, म्हातारी वेडी होती म्हणतील, आणि तिवरांच्या पल्याड पाय टाकतील.