चांद दिसला तर सोमवार

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लालासाहेब मोहित्यांच्या डाव्या हातात पहिली सुई गेली. दुसरी गेल्यावर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि कोपराखालची पट्ट्यापट्ट्यांची छोटी उशी सारखी केली. यंत्र सुरू झालं. आता चार तास.

सोमवार त्यांचा नव्हता. विट्याच्या या डायलिसिस केंद्रात तीन नंबरची खुर्ची त्यांना मंगळवार, गुरुवार, शनिवारी मिळे. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती दस्तगीर शिकलगारांची. रविवारी केंद्राला कुलूप. पण आज रमजान ईद होती, आणि दस्तगीरभाई घरी होते.

तशी नोंद भिंतीवर होती. केंद्रातली तंत्रज्ञ क्रांती हिनं यंत्रांच्या वर एक तक्ता चिकटवला होता. डावीकडं सण, मधे तारीख, उजवीकडं कुणाच्या जागी कोण. नाताळला निवृत्त नर्स सुलाबाईंच्या जागी आटपाडीच्या हरणाबाई. बिरोबाच्या जत्रेला हरणाबाईंच्या जागी सुलाबाई. महावीर जयंतीला एक नंबरच्या मगदूमांची बदली ठरलेली, चौदा एप्रिलला निवृत्त कांबळे गुरुजींची. एवढ्या सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच पेनानं पक्क्या झाल्या होत्या. ईदेच्या ओळीत मात्र क्रांतीला लिहावं लागलं होतं : चांद दिसला तर सोमवार. नाहीतर मंगळवार, बदली नको.

आदल्या दिवशी पाडवा होता. विट्याकडचं आभाळ संध्याकाळी धुरकट होतं. लालासाहेबांनी गुढी उतरवली, काठी भिंतीला लावली आणि मोबाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. सात वाजून वीस मिनिटांनी तो वाजला. पलीकडं दस्तगीरभाई होते.

"हवालदार, चांद झाला. मिरजेसनं खबर आली."

"मग उद्या मी जातो. तुमी मंगळवारी."

"डॉक्टर लय बोललं मला. शुक्रवार ते मंगळवार, चार दिवसाची गॅप. म्हणलं, पाणी मोजून पिईन. रोजं धरू दिलं न्हाईत त्यांनी, आणि पाणी तर बारा म्हयनं तोंडाला लावू देत न्हाईत. माझा रोजा सुटायचा कवा, सांगा तुमी."

लालासाहेब हसले. हे दुखणं झाल्यापासून ते फार कमी हसत, पण दस्तगीरभाईंच्या फोनवर एकदा तरी हसू यायचंच.

बदलीची चाल लालासाहेबांनीच पाडली होती. तोफखान्यात बावीस वर्षं काढली, त्यात दिवाळीला त्यांच्या पहाऱ्यावर कधी केरळचा एखादा ख्रिस्ती नाईक उभा राही, कधी मेवाती मुसलमान. नाताळला आणि ईदेला मराठे उभे राहत. कुणी कुणाचे आभार मानत नसे. ड्यूटी बदलायची, सकाळी चहा पाजायचा, संपलं. गेल्या दिवाळीत मुलगा इंद्रजित चार वर्षांत पहिल्यांदाच ऐन सणाला फौजेतून रजेवर येणार होता आणि पहिली आंघोळ नेमकी गुरुवारी आली. पहाटेच्या अंधारात उटणं लावायचं की सहाच्या ठोक्याला सुया टोचून घ्यायच्या? क्रांतीनं दस्तगीरभाईंना फोन लावून दिला. पलीकडून ते कसलाही विचार न करता म्हणाले होते, "आंघूळ करा निवांत. गुरुवारी मी येतो."

त्या सकाळी इंद्रजितनं बापाच्या पाठीला उटणं लावलं. लालासाहेबांना तेवढं आठवत होतं. सणाचं बाकी काहीच त्यांच्या वाट्याचं उरलं नव्हतं. फराळातलं खोबरं नको, सुकामेवा नको, मीठ नको. इथल्या प्रत्येकाचं तेच होतं. सुलाबाईंच्या नाताळच्या केकमधला बेदाणाही त्यांना चालत नसे. उरलं होतं ते घरी असणं, आणि तेवढ्यासाठी हा तक्ता होता.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती. लालासाहेबांनी आणि दस्तगीरभाईंनी एकमेकांना पाहिलंच नव्हतं. एक खुर्चीत असला की दुसरा घरी. सहा महिने ते एकाच खुर्चीत बसत होते आणि एकमेकांना फक्त आवाजानं ओळखत होते.

बनुबाई काचेच्या दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली गेली दोन या बाकावर गेली होती. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत, डब्याखाली, प्लास्टिकच्या पाकिटात एक अहवाल सात महिने फिरत होता. त्यांनी नवऱ्याला किडनी द्यायची ठरवली होती. बाकी सगळ्या तपासण्या निर्मळ निघाल्या. रक्तगट जुळला नाही. इंद्रजित देतो म्हणाला, तेव्हा लालासाहेबांनी ताटावरून उठून त्याला सांगितलं होतं की फौजेतल्या पोराच्या अंगाला मी हात लावू देणार न्हाई. पुण्याच्या प्रतीक्षायादीत त्यांचं नाव होतं, पण ते इतकं खाली की बनुबाईंनी नंबर विचारणं सोडून दिलं होतं. त्या अहवाल मात्र टाकून देत नव्हत्या.

साडेनऊला दाराशी अत्तराचा वास आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायाला सूज असलेला एक बुटका माणूस बाहेर चपला काढत होता. मागं हिरवं लुगडं नेसलेली बाई, हातात स्टीलचा बारका डबा. क्रांतीनं त्यांना पाहून कपाळाला हात लावला.

"दस्तगीरचाचा, एक दिवस सुट्टी मिळाली, तीबी हितंच घालवताय व्हय?"

"नमाज झाली. म्हणलं आपली खुर्ची कोण गरम करतंय बघावं."

ते आत आले, खुर्चीच्या पायथ्याशी थांबले आणि लालासाहेबांकडं बराच वेळ बघत राहिले.

"तुमीच का हवालदार? मला वाटलं मिशा असत्याल."

"व्हत्या. पेन्शनीबरोबर गेल्या."

दोघंही हसले. हात मिळवायला दस्तगीरभाईंनी दोन्ही हात पुढं केले, मग सुया दिसल्या तसा डावा मागं घेऊन नुसता उजवा दिला. गळाभेट खुर्चीत जमण्यासारखी नव्हती. त्यांनी लालासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला तो तिथंच राहू दिला.

"ही उशी बसती का नीट?" त्यांच्या बायकोनं, जैनबीनं विचारलं.

लालासाहेबांनी कोपराखाली पाहिलं. सहा महिने ते ती दवाखान्याची समजत होते.

"तुमी शिवली?"

"ह्यास्नी हात अवघडायचा. मग ह्यांनी सांगितलं, हितंच ठेव, हवालदाराचा बी हात तसाच असंल."

लालासाहेबांनी मोकळ्या हातानं उशीची शिवण चाचपली. टाके बारीक आणि दुहेरी होते.

जैनबीनं डबा उघडला. शिरखुर्मा होता, पण खारीक नाही, काजू नाही, दूध नावाला. क्रांतीनं वाकून पाहिलं आणि दोन बोटं दाखवली. दोनच चमचे. लालासाहेबांनी पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरला. दस्तगीरभाईंनीही दोनच घेतले आणि ते आजच्या पाण्यातून वजा करायला क्रांतीला सांगितलं. उरलेलं घेऊन जैनबी बाहेर बाकावर गेली.

काचेतून लालासाहेबांना दोघी दिसत होत्या. बनुबाईंनी शिरखुर्मा खाल्ला, पदरानं तोंड पुसलं. पिशवीतून कालच्या पोळ्यांची पुरचुंडी काढून त्यांनी जैनबीच्या हातात दिली. पुरचुंडीबरोबर प्लास्टिकचं पाकीटही वर आलं. जैनबीनं काहीतरी विचारलं. बनुबाईंनी सांगितलं. मग जैनबीनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बनुबाई उठल्या आणि दार ढकलून आत आल्या. दोन वर्षांत यंत्र चालू असताना त्या कधी आत आल्या नव्हत्या.

"क्रांते, ह्यांचा गट ए. व्हय न्हवं?"

"व्हय, मावशी."

"आणि दस्तगीरभाईंचा?"

"बी."

"माजा बी हाय," बनुबाई म्हणाल्या. "आणि ह्या जैनबीचा ए. तिचीबी किडनी दस्तगीरभाईंस्नी चालंना म्हणून कागद आलाय. मला एवढंच इचारायचं हाय, की ह्या तक्त्यावर आमच्या दोघींचं नाव लिवता येतंय का?"

तीन नंबरचं यंत्र एकसारखं घरघरत राहिलं. दस्तगीरभाईंनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली. लालासाहेब बायकोकडं पाहत होते. एकतीस वर्षांत कधी लपवलं नव्हतं असं काही त्यांना आत्ता तिच्यापासून लपवायचं होतं, म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

क्रांतीनं हातमोजे काढले आणि डॉक्टरांना फोन लावायला ती पॅसेजमध्ये गेली.

जैनबीची किडनी लालासाहेबांना आणि बनुबाईंची दस्तगीरभाईंना, असं करता येतं, असं डॉक्टरांनी त्याच दुपारी सांगितलं. दोन्ही बायका लग्नाच्या, म्हणजे कायद्यानं जवळच्या नात्यातल्या, कागद पक्के. समितीची मान्यता लागेल, दोन्ही शस्त्रक्रिया एकाच दिवशी होतील, आणि एकीचं जुळलं नाही तर दोन्ही थांबतील. एप्रिलमध्ये चौघं पुण्याला जाऊन रक्त देऊन आले. गाडी इंद्रजितच्या मित्राची होती. जाताना बनुबाईंनी दोन घरांचा डबा एकत्र बांधला होता.

जैनबी आणि लालासाहेब यांचा अहवाल बकरी ईदेच्या आदल्या दिवशी आला. जुळला होता. दस्तगीरभाईंनी फोनवर सांगितलं की उद्या शनिवार, हवालदारांचाच दिवस, त्यामुळं बदलीचा त्रास न्हाई.

बनुबाई आणि दस्तगीरभाई यांची एक तपासणी पुन्हा करायला सांगितलं आहे.

क्रांतीनं जूनअखेर नवा तक्ता लावला. मोहरम, नागपंचमी, गणपती, अनंत चतुर्दशीचा मगदूमांचा उपवास, दसरा, दिवाळीची पहिली आंघोळ, नाताळ. बाकी नावं सगळी पेनानं लिहिली आहेत. दसऱ्यापासून पुढं तीन नंबरच्या खुर्चीची दोन नावं तेवढी तिनं पेन्सिलीनं लिहिली आहेत, शस्त्रक्रिया झाल्या तर खोडता येतील अशी.

काल, बुधवारी, संध्याकाळी साडेचारपर्यंत बनुबाई आणि दस्तगीरभाईंचा दुसरा अहवाल आलेला नव्हता.