पिल्लांचा निम्मा वाटा

इन्शिराहनं ती कोंबडी उचलली तेव्हा आपल्या मनात पाप नव्हतं, असं ती स्वतःला सांगत असे. रोज सांगत असे. इतकं रोज सांगावं लागतं म्हटल्यावर काय ते समजावं.

शेजारच्या रतीबाखालाची लेक सुहैर माहेरी बाळंत झाली होती. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, पाय बांधलेली जिवंत कोंबडी घेऊन जायचं, ही इजिप्तमधल्या फय्यूमच्या त्या कालव्याकाठच्या गावातली रीत. त्या कोंबडीचा रस्सा बाळंतिणीच्या पोटात जायचा. तीन वर्षांपूर्वी इन्शिराहच्या बाळंतपणात खाला अशीच एक घेऊन आली होती, चांगली तगडी. तेव्हा तिच्याच तोडीची परत जायला हवी होती. असल्या गोष्टी गावातल्या बायका विसरत नाहीत, फक्त विसरल्यासारखं दाखवतात.

त्या सकाळी इन्शिराह गच्चीवर भिजवलेला पाव आणि कोंडा घेऊन गेली, तर रुपेरी मानेची कोंबडी दाण्याकडे आलीच नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. तुरा जरा काळवंडलेला. नाहीतर वाण देखणं, मान चांदीसारखी, अंगावर काळेपांढरे पट्टे. इन्शिराहनं मनात हिशेब केला: ही आजारी असेल किंवा नसेलही. असेल तर उद्या मरून वाया जाईल. आज सुरी फिरली तर हलाल. आणि तिकडे ती जाणार कापायलाच. देण्यातलं देणं फिटतंय आणि माझ्या चांगल्या अंडी देणाऱ्या वाचताहेत.

तिनं कोंबडीच्या तुऱ्याला जरा तेल चोळलं. हे तेल चोळणं मात्र तिला कुठल्याच हिशेबात बसवता येईना.

“अगं केवढी गोड!” रतीबाखाला म्हणाली. “माझ्यासाठी घरातली राणीच काढलीस की!”

“तुमच्या सुहैरसाठी नाही काढायची तर कुणासाठी, खाला? आजच कापा हं. ताजी असेपर्यंत.”

“तू नको शिकवू मला. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून कोंबड्या कापतेय.”

तिसऱ्या दिवशी इन्शिराहच्या दोन कोंबड्यांच्या माना मागे पिळवटल्या आणि शीट हिरवी झाली. मानमोडी. तिनं पलीकडच्या वस्तीवरून वजीदाला बोलावलं. ही कोंबड्यांना लस देत गावोगाव फिरायची. आजारी होत्या त्या गेल्याच. उरलेल्या एकेकीला धरून तिनं डोळ्यात थेंब टाकला.

“बाटली शंभर पाखरांची आहे,” वजीदा म्हणाली. “फोडली की आजच संपवायची, उद्या नुसतं पाणी. शेजारी कुणाकडे आहेत का कोंबड्या?”

इन्शिराहनं गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. रतीबाखालाच्या अंगणात बावीस कोंबड्या बरसीमच्या हिरव्या चाऱ्यावर तुटून पडल्या होत्या. आणि त्यांच्यापासून थोडी बाजूला, पिसं फुगवून, ती रुपेरी मानेची उभी होती. ओळखीसाठी पायाला लाल चिंधी बांधलेली. कापलीच नव्हती.

आता हाक मारावी, तर खाला विचारणार, तुझ्या गच्चीवर मानमोडी कधीपासून? आणि मग तारखा जुळवणार. तारखा जुळवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

“नाही,” इन्शिराह म्हणाली. “शेजारी कुणाकडे नाहीत.”

वजीदानं उरलेली लस गच्चीवरच्या पेटत्या चुलीत ओतली.

पुढच्या आठवड्यात खालाच्या बावीसपैकी एकोणीस गेल्या. विधवा बाई, अंड्यांवर आणि पिल्लांवर तिचं घर चालायचं. रोज सकाळी ती मेलेली पाखरं खड्ड्यात पुरायची आणि अम्म शहाताला शिव्या द्यायची. हा म्हातारा, सगळ्यांचा ‘अम्म’ म्हणजे काका, सायकलवर पेट्या लादून पिल्लं विकत फिरे. “त्यानंच आणला रोग! महिन्यापूर्वी त्याच्याकडून सहा पिल्लं घेतली, बघा!” गल्लीतल्या बायकांनी त्याला चौकातून हाकलला. तो म्हणाला, “बाई, महिन्यापूर्वीचा रोग आज उठतो होय?” बोलला बरोबर, पण ऐकतो कोण. इन्शिराह दाराशी उभी राहून हे सगळं ऐकत होती.

मग एका दुपारी खाला स्वतःच जिना चढून आली. ओढणीखाली टोपली.

“चौदा अंडी आहेत,” ती धापा टाकत म्हणाली. “रोगाआधीची. कोंड्यात जपून ठेवली होती. माझी एकही खुडूक उरली नाही. तुझी टर्की बसलीय ना?”

टर्की खरोखरच डालग्याखाली बसली होती. तिच्या पोटाखाली वीस अंडी सहज मावत, आणि आत्ता होती नुसती इन्शिराहच्या कोंबड्यांची पाच. कुणाची अंडी कुणाच्या पाखराखाली बसवली की पिल्लं निम्मी निम्मी, हा गावचा शिरस्ता. बाकीच्या बायका अदलाबदल होऊ नये म्हणून आपापल्या अंड्यांवर काजळीची रेघ ओढून देत. या दोघींत मात्र इतक्या वर्षांत कधी रेघ ओढली गेली नव्हती.

इन्शिराहनं एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहिलं आणि टर्कीखाली सरकवलं.

“सगळी पिल्लं तुमचीच, खाला. मला वाटा नको.”

खालाचे डोळे बारीक झाले.

“का गं?”

“असंच. तुमचं एवढं नुकसान झालंय…”

“गेल्या साली तू तेरावं पिल्लू कुणाचं यावर माझ्याशी अर्धी दुपार भांडलीस. पोरी, तू वाटा सोडणारी नव्हेस.” तिनं गच्चीभर नजर फिरवली. गावात घरोघरी कोंबड्या मेल्या होत्या. इथे अकरा जणी टणटणीत उकरत होत्या. तिनं खुराडं पाहिलं, दोन रिकाम्या जागा पाहिल्या. “तुझ्या दोन कुठे गेल्या?”

आता खोटं बोलायला जागाच नव्हती. इन्शिराहनं सांगितलं. काळवंडलेला तुरा, तेल, वजीदाचा प्रश्न, आपलं उत्तर. तेलाची गोष्ट तिनं वगळली असती तर चाललं असतं. पण तीही सांगितली.

“आजच कापा म्हणून मी बोलले होते,” शेवटी ती पुटपुटली.

“बोललीस.” खाला कठड्यावर बसली. “सुहैरकडे सहा कोंबड्या आल्या. पाच कापल्या. तुझी म्हणून ठेवून घेतली. म्हटलं, हिच्या हातचं वाण आपल्यात राहू दे.”

खाली कुणाची तरी बदकं ओरडत होती.

“खाला, मारा मला. काहीही करा.”

“मारून माझ्या कोंबड्या उठतील? उद्या तू चौकात जायचं. अम्म शहाताला बोलावून आणायचं आणि सगळ्या बायकांसमोर सांगायचं, रोग कुठून आला ते. मी सांगणार नाही. तू सांगायचंस.”

“सांगेन.”

“आणि वाटा निम्माच. तुझ्याकडून खैरात नको मला.”

इन्शिराहला क्षणभर हायसं वाटलं. निम्मा म्हणजे जुनाच शिरस्ता, म्हणजे सगळं होतं तसं. पण खाला उठली ती चुलीकडे गेली. तव्याच्या काजळी धरलेल्या बुडावर बोट घासलं. मग डालगं उचलून टर्कीला एका हातानं बाजूला सारलं. टर्कीनं तिला टोचलं, तरी ती थांबली नाही. एकेक अंडं बाहेर काढून तिनं त्यावर काळी रेघ ओढली आणि पुन्हा आत ठेवलं. चौदाच्या चौदा.

जिना उतरताना तिनं हात ओढणीला पुसले आणि मागे वळून पाहिलं नाही.